"तू तर घरचाच आहेस!" : तरुण कामगार गप्प का राहतो आणि उद्याच्या मालकाला हे का कळायला हवं



मागच्या व्हिडिओत आपण पहिला माणूस कामावर ठेवायचा खर्च मांडला होता. पगार किती, दिवाळीचा बोनस किती, चहापाणी किती. आज त्या आकड्याच्या मागे जो माणूस उभा असतो त्याच्याबद्दल बोलू. विषय थोडा कडू आहे, पण धंदा सुरू करणाऱ्यानं तो टाळू नये.

कुठल्याही तालुक्याच्या गावी रात्री साडेआठला बाजारपेठेतून एक चक्कर मारा. कापड दुकान, मोबाइलचं दुकान, हार्डवेअर, मेडिकल. काउंटरमागे वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी उभी असते. सकाळी दहाला आलेली. बसायला स्टूल असेलच असं नाही, असलं तरी गिऱ्हाईक नसताना बसलेलं मालकाला चालेलच असं नाही. मुलींना तर बाथरूमसाठी शेजारच्या हॉटेलात किंवा ओळखीच्या घरी जावं लागतं. त्यांना विचारा, "काय, कसं चाललंय?" उत्तर ठरलेलं : "चाललंय निवांत." आणि त्याच मुलाला दुकानाबाहेर, मित्रांच्या घोळक्यात विचारा. मग पंधरा मिनिटं तो थांबणार नाही. पगार दहा-बारा तारखेशिवाय होत नाही, सुट्टी मागितली की तोंड वाकडं होतं, ओव्हरटाइम हा शब्द फक्त मोबाइलवर वाचलाय.

म्हणजे त्याला कळतं सगळं. आजच्या मुलाला आपल्यावर अन्याय होतोय हे सांगायला कुणी नेता लागत नाही. त्याला बदल हवासुद्धा असतो. तरीही तो सोमवारी सकाळी दहाला शटर उचलायला हजर असतो.

का?

"गरज असते हो" हे झटपट उत्तर आहे आणि ते खोटं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यात देशातल्या एकूण बेरोजगारांपैकी जवळपास ८३ टक्के तरुण आहेत असं म्हटलंय. आणि बेरोजगारांमध्ये दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्या तरुणांचं प्रमाण २००० नंतर वाढत जाऊन २०२२ मध्ये ६५.७ टक्क्यांवर गेलं. दुकानाबाहेर दहा जण उभे आहेत हे आतल्या मुलाला माहीत असतं. मालकालाही माहीत असतं, आणि तो ते अधूनमधून बोलून दाखवतो.

पण नुसत्या गरजेनं माणूस दोन-तीन वर्षं एकाच जागी काढत नाही. गरजेपोटी तो याच्यापेक्षा पाचशे रुपये जास्त देणाऱ्या दुसऱ्या दुकानात जाईल. त्याला धरून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ऐकायला विचित्र वाटेल, ती गोष्ट म्हणजे आशा.

दिवाळीनंतर बघू

"दिवाळीनंतर बघू." "सीझन जाऊ दे." "दुसरी शाखा निघाली की तिकडं तूच मॅनेजर." "अरे, तू तर घरचाच आहेस, तुझं काय वेगळं करायचं?" ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. ह्यात मालक दर वेळी खोटंच बोलत असतो असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा त्याला खरंच वाटत असतं की पुढच्या वर्षी बरं चालेल, मग याचंही बघू. पण परिणाम एकच होतो. मुलगा दिवाळीची वाट बघतो. दिवाळी गेल्यावर पाडव्याची. आता सोडलं तर आत्तापर्यंत काढलेली दोन वर्षं वाया जातील, म्हणून अजून सहा महिने.

"घरचाच आहेस" हे त्यातलं सगळ्यात महागडं वाक्य. घरच्या माणसाला ओव्हरटाइम नसतो. घरचा माणूस पगाराची तारीख विचारत नाही. आणि गंमत बघा, घरचा असला तरी गल्ल्याचा हिशोब त्याला कुणी दाखवत नाही!

आशेच्या जोडीला काही साध्या दोऱ्या असतात. पहिली उचल. बहिणीच्या लग्नाला मालकानं वीस हजार दिले, तोंडी. दर महिन्याला किती कापायचे ते ठरलेलं नाही, कुठं लिहिलेलं नाही. फिटले की नाही हे फक्त मालकाला ठाऊक. असा मुलगा जास्तीच्या तासांबद्दल काय बोलणार? दुसरी दोरी म्हणजे एक पगार मागे ठेवणं. सोडून जाशील तर तो महिना बुडाला. तिसरी म्हणजे ओरिजिनल मार्कशीट मालकाच्या कपाटात. "सांभाळून ठेवतो, तुझ्याकडून हरवेल." आणि चौथी, जी गावाकडच्या मुलांना सगळ्यात घट्ट बांधते : त्याला मामानं किंवा गावातल्या कुणी अण्णानं शब्द टाकून चिकटवलेलं असतं. तो भांडून निघाला तर शब्द मामाचा जातो. घरी फोन केला तर आई म्हणते, "बाळा, टिकून राहा. कुठंही असंच असतं." शिवाय स्थळं बघायची वेळ आलेली असते, आणि मुलाला "नोकरी आहे" हे सांगता येणं सध्या गावाकडं किती मोलाचं झालंय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

"हे काही कायमचं नाही"

आता थोडं आपल्याबद्दल. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण अजून नोकरीत आहात. शनिवार-रविवारी धंद्याचं प्लॅनिंग करता. ऑफिसात किंवा कंपनीत काही पटत नसलं तर मनात म्हणता, "जाऊ दे, वर्षभरात आपण स्वतःचं सुरू करणारच आहोत, कशाला वाईटपणा घ्यायचा?" पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा हेच म्हणतो. एमपीएससीचा अभ्यास करत रात्रपाळी करणारा हेच म्हणतो. परदेशात जायची कागदपत्रं लावलेली नर्सही हेच म्हणते. प्रत्येक जण इथं पाहुणा. पाहुणा यजमानाच्या घरातलं गळकं छप्पर दुरुस्त करत नाही, तो फक्त आपली पथारी कोरड्या जागी सरकवतो.

अमेरिकेत स्थायिक झालेले अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये यावर एक छोटं पण नामी पुस्तक लिहिलं. त्यांची मांडणी आपल्या भाषेत सांगायची तर अशी : एखादी जागा बिघडत चालली की माणसाकडे दोन रस्ते असतात. निघून जा, नाहीतर तोंड उघड. निष्ठा, म्हणजे त्या जागेबद्दलचा जिव्हाळा, निघून जाणं लांबवते. हर्शमन यांची एक गोष्ट मालकांनी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे : ज्याला दर्जा सगळ्यात जास्त कळतो तो बरेचदा सगळ्यात आधी निघून जातो. म्हणजे जो तुम्हाला तुमची चूक सांगू शकला असता नेमका तोच गेला. मागे उरतात ते गप्प बसणारे, आणि मालकाला वाटतं, आपल्याकडे सगळे खूश आहेत.

मोठ्या कंपन्यांतही तेच

हे फक्त लहान दुकानांचं दुखणं नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यात "ब्रेक" या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ठेकेदाराकडं मुलगा लागतो, सहा-सात महिने होतात, आणि त्याला ब्रेक दिला जातो. कारण औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती सलग एक वर्षाची सेवा धरली जायची आणि कामगाराला काही हक्क मिळायचे. मग दुसऱ्या गेटवर, दुसऱ्या ठेकेदाराकडं, पुन्हा पहिल्यापासून. मधल्या काळात एआयसीटीईच्या योजनेतले "नीम ट्रेनी" होते. तीन महिने ते तीन वर्षं प्रशिक्षण, हातात स्टायपेंड, पण नातं कामगाराचं नाही, प्रशिक्षणार्थीचं. त्यातल्या कित्येकांची तक्रार एकच होती : शिकवलं काही नाही, लाइनवर मात्र इतरांएवढंच उभं केलं.

आणि २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आठवा. बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. मुदत सहा महिने, पुढे ती पाच महिन्यांनी वाढली. मुलं ग्रामपंचायतीत, शाळांत, सरकारी कार्यालयांत रुजू झाली. मुदत संपत आली तसे त्यांचे मोर्चे निघाले. मागणी काय? आम्हाला कायम करा. योजनेच्या कागदावर कायम करण्याचं वचन नव्हतं. पण सरकारी टेबलासमोर खुर्ची मिळाली की आशा लागणारच, त्यात मुलांचं काय चुकलं? माझं मत स्पष्ट आहे. तात्पुरतं काम देणं गैर नाही. तात्पुरतं देऊन कायमचा वास दाखवणं गैर आहे, मग तो दाखवणारा कुणी असो.

ज्यांनी तोंड उघडलं

आपण रविवारी सुट्टी घेतो, ती आभाळातून पडलेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबायचे, कामाची वेळ दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हिशोब करा : मागणीपासून मान्यतेपर्यंत सहा वर्षं.

अलीकडचं उदाहरण केरळचं. कोझिकोडच्या मिठाई तेरुवु या गजबजलेल्या बाजारपेठेत दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसता येत नव्हतं, बाथरूमची सोय नव्हती. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं, "पेनकूट्टु" नावाचा गट उभा राहिला. आधी बाथरूमचा प्रश्न घेतला, मग बसण्याचा. २०१८ मध्ये केरळनं दुकान कायद्यात दुरुस्ती करून कामगारांच्या बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनं तशीच दुरुस्ती केली. विचार करा, एका स्टूलासाठी कायदा करावा लागला. एक प्लॅस्टिकचं स्टूल बाजारात कितीला येतं?

कायदा तुमच्या दुकानापर्यंत किती पोचतो?

आता मुद्द्याचं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये नवीन आला. त्यात आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला आठ किरकोळ रजा, सणांच्या आठ पगारी सुट्ट्या, जादा कामाला दुप्पट दर अशा चांगल्या तरतुदी आहेत. पण तो लागू केला गेला दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. त्याखालच्या दुकानानं ऑनलाइन सूचना दिली की झालं. पुढे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा वीस कामगारांवर न्यायचा निर्णय घेतला, दिवसाचे तासही नऊचे दहा करायचं ठरवलं.

म्हणजे तुम्ही जो धंदा सुरू करणार आहात, दोन-चार माणसांचा, त्यात सुट्टी किती, तास किती, हे बऱ्याच अंशी तुमच्या मनावर आहे. लोक याला सूट म्हणतात. मी जबाबदारी म्हणेन.

पण "आपल्याला काही लागूच नाही" या भ्रमात राहू नका. किमान वेतनाला माणसांची संख्या बघत नाहीत. एक मुलगा ठेवला तरी तुमच्या भागाचा म्हणजे परिमंडळाचा दर आणि सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता लागतो. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. माणूस सोडून गेला किंवा तुम्ही काढला तर त्याचे पैसे दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे. म्हणजे "एक पगार मागे" ही पद्धत कायद्यात बसत नाही. उचल आणि इतर कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. दहा माणसं झाली की ईएसआय येतं, २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना : मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. वीस झाली की पीएफ.

पाटी-पेन्सिल घ्या

भावना बाजूला ठेवून निव्वळ धंद्याचा हिशोब करू. समजा तुम्ही मुलाला १२ हजार देता. सकाळी १० ते रात्री ९.३०, मधे एक तास जेवण. म्हणजे साडेदहा तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर २७३ तास. ताशी पडले ४४ रुपये. आठ तासांनी काम धरलं तर २०८ तास होतात. म्हणजे ६५ तास तो तुम्हाला फुकट देतोय. तुम्हाला वाटतं, वाचले!

आता तो मुलगा चार महिन्यांनी न सांगता यायचा बंद झाला. बंडखोर मुलं भांडून जातात, बाकीची फक्त फोन उचलत नाहीत. नवीन मुलगा आणला. त्याला माल कुठं आहे, कुठल्या गिऱ्हाइकाला काय लागतं, उधारीची वही कशी लिहायची, हे कळायला दोन महिने. त्या दोन महिन्यांत निम्मंच काम होतं असं धरलं तर १२ हजार गेले. वर्षातून तीनदा असं झालं तर ३६ हजार. शिवाय त्या काळात तुम्ही स्वतः काउंटरवर अडकलात, खरेदीला जाता आलं नाही, ते वेगळं.

त्याऐवजी महिन्याला २ हजार वाढवले असते तर वर्षाचे २४ हजार. किंवा आठवड्याची सुट्टी पक्की करून त्या चार दिवसांना ५०० रुपये रोजावर बदली माणूस ठेवला असता, तरी महिन्याचे २ हजारच. तुमच्या धंद्यात आकडे वेगळे येतील. पण हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय "परवडत नाही" हा शब्द तोंडातून काढू नका.

मग करायचं काय?

पहिल्या दिवशी एका पानावर लिहून द्या. मराठीत, साध्या भाषेत. काम काय, वेळ कोणती, सुट्टी कोणत्या वारी, पगार किती आणि कोणत्या तारखेला, जादा थांबलं तर काय दर. दोघांच्या सह्या, एक प्रत त्याला. नियुक्तीपत्र देणं नव्या संहितांत आलंच आहे, पण नसतं आलं तरी मी हेच सांगितलं असतं. उचल दिली तर त्याच पानामागे तारीख, रक्कम, हप्ता लिहा, आणि फिटली की "फिटली" असं लिहून सही. ओरिजिनल कागद बघा, झेरॉक्स घ्या, तिथल्या तिथं परत करा.

महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं त्याच्याशी बोला, गिऱ्हाईक नसताना. "काही अडचण आहे का रे?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "नाही शेठ" हेच येणार. नेमकं विचारा : "ह्या महिन्यात सगळ्यात उशिरा कधी निघालास?" "कुठल्या गिऱ्हाइकानं डोकं खाल्लं?" "माझ्या जागी असतास तर दुकानात काय बदललं असतंस?" पहिले दोन महिने तो काहीच बोलणार नाही. तिसऱ्या महिन्यात एखादी बारकी गोष्ट सांगेल, पंखा फिरत नाही वगैरे. तो पंखा त्याच आठवड्यात दुरुस्त करा. त्यानं ती तुमची परीक्षा घेतलेली असते. मोठ्या गोष्टी त्याच्यानंतर येतात.

आणि आशा दाखवायची असेल तर तारखेसकट दाखवा. "दिवाळीनंतर बघू" असं म्हणू नका. "१ जानेवारीपासून १३,५००, त्यासाठी तुला बिलिंग आणि स्टॉक एकट्यानं सांभाळता आला पाहिजे" असं म्हणा. जमणार नसेल तर तेही सांगा : "यंदा वाढ देता येणार नाही, दुकानाचं कर्ज आहे, मार्चनंतर आपण आकडे घेऊन बसू." मुलगा कदाचित सोडून जाईल. जाऊ दे. नोटीस देऊन, नवीन मुलाला शिकवून जाईल, आणि चार वर्षांनी त्याचं स्वतःचं दुकान झालं तर तुमच्याकडूनच होलसेल माल उचलेल.

जे अजून नोकरीत आहेत त्यांच्यासाठीही थोडं. तुमचं दुकान निघायला वर्ष लागेल की तीन, कुणी सांगावं. तोवर स्वतःची वही ठेवा : आलो किती वाजता, निघालो किती वाजता. पगारातून पीएफ कापला जात असेल तर पासबुकात तो जमा होतोय का ते दर महिन्याला बघा. काही मागायचं असेल तर एकट्यानं रागाच्या भरात नको. दोघं-तिघं मिळून, महिन्याचा पगार झाल्यावरच्या शांत दिवशी, एकच मुद्दा घेऊन जा, आणि जे ठरेल ते त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर नम्रपणे लिहून पाठवा : "शेठ, आज ठरल्याप्रमाणे पुढच्या महिन्यापासून..." लेखी राहतं. पगारच थकवला असेल तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज देता येतो, त्याला वकील लागत नाही.

पुढच्या व्हिडिओत त्या एका पानाच्या नियुक्तीपत्राचा नमुना स्क्रीनवर ओळ न् ओळ भरून दाखवतो. दुकान, वर्कशॉप आणि घरगुती खाद्यपदार्थांचं युनिट असे तीन वेगळे नमुने घेऊ, कारण तिन्हींत कामाची वेळ आणि सुट्टी सारखी बसत नाही. बघताना आपल्या भागाचा किमान वेतनाचा दर शोधून शेजारी लिहून ठेवा, तो आकडा लागेल.